कांबळेसाहेबांच्या मुठीचा आकडा

कांबळेसाहेबांशी हात मिळवायला जाऊ नये. तुम्ही सहज म्हणून हात पुढे करता आणि ते त्या हातात यंत्र ठेवतात.

वीतभर लांबीचं काळं यंत्र आहे. मुठीत धरायला दोन दांडे आणि वर एक छोटीशी खिडकी. दांडे जीव लावून आवळले की खिडकीत आकडा येतो. तुमच्या हाताच्या पकडीत किती किलोंचा जोर शिल्लक आहे, त्याचा तो आकडा. डॉक्टर लोकांत त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे. आमच्या कॉलनीच्या बागेत त्याला मूठकाटा म्हणतात, आणि सकाळी साडेसहा ते आठ या वेळात साठीच्या पुढचं कुठलंही माणूस त्याच्या तावडीतून सुटत नाही.

"धरा. दाबा. सोडा," साहेब म्हणतात. तुम्ही धरता, दाबता, सोडता. सुटलो एकदाचे म्हणून उठायला जावं तर खांद्यावर हात पडतो. "बसा. अजून दोनदा हाय." मध्ये एक मिनिट विश्रांती, तीही घड्याळ लावून. पाय जमिनीला टेकलेले हवेत, कोपर अंगाला चिकटलेलं हवं आणि बरोबर काटकोनात हवं. काटकोन तपासायला साहेबांच्या पिशवीत सुताराचा लाकडी गुण्या असतो. तो ते कोपराला लावून बघतात. मी छत्तीस वर्षं हायस्कुलात ड्रॉइंग शिकवलं. काटकोन कशाला म्हणतात हे मला ठाऊक असावं. पण "मास्तर, तुमचा काटकोन जरा उघडा हाय," हे मलाही चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं आहे.

गेल्या वर्षी तानाजी पोवारच्या भाचीच्या लग्नाला आम्ही बागेतली मंडळी शिरोळला गेलो होतो. पोवार हा आमच्यातला दूधवाला. अडुसष्ट वर्षांचा, घरात अजून सात म्हशी, आणि धारा स्वतः काढतो. मांडवात नवऱ्यामुलाच्या आजोबांनी साहेबांचा कडक इस्त्रीचा सफारी पाहिला, कुणी मोठे अधिकारी दिसतात म्हणून अदबीनं हात पुढे केला आणि यंत्र पदरात पाडून घेतलं. आजोबा उसाचे बागायतदार, हार मानणारे नव्हेत. त्यांचा एकोणचाळीस आला. ते पाहून पोवारच्या हाताला खाज सुटली. तिकडं भटजी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणून तिसऱ्यांदा पुकारत होते आणि इकडं मुलीचा मामा खुर्चीवर कोपर काटकोनात धरून एक मिनिटाची विश्रांती घेत बसला होता. मधेच उठू द्यायला साहेब तयार नव्हते. तिसऱ्या वेळी पोवारचा त्रेचाळीस आला, मग नवरी मांडवात आली.

साहेब आता पंचाहत्तरीचे आहेत. नोकरीत असताना ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानातली वजनं तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर उचलून न्यायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या काळात त्यांनी कुणाचा चहा घेतला नाही की कुणाच्या दुकानात स्टुलावर बसले नाहीत. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, तरी मंडईत साहेब दिसले की जुन्या भाजीवाल्या आधी तराजूचं पारडं पुसून घेतात.

बोलतानाही त्यांना माप लागतं. पोवार म्हणाला, "काल लई पाऊस झाला." साहेब म्हणाले, "लई म्हंजे किती? मापात बोला." आमच्या मंडळींनी एकदा त्यांना पोहे देताना "भरपूर घ्या" म्हटलं. त्यावर त्यांनी "भरपूर न्हाय, दोन डाव," असं शांतपणे दुरुस्त केलं. मंडळींनी नंतर स्वयंपाकघरात मला विचारलं, की विमलवहिनींनी ह्यांच्याबरोबर चव्वेचाळीस वर्षं कशी काढली असतील.

विमलवहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक मुलगी, सुजाता, पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. यंत्र तिनंच दिलं. पण नुसतं दिलं नाही, त्याच्याबरोबर एक अटही घातली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांनी उजव्या हाताची पकड मोजायची आणि खिडकीतल्या आकड्याचा फोटो तिला पाठवायचा. आकडा पंचवीसच्या वर आहे तोवर बाबा कोल्हापुरात राहतील. पंचवीसच्या खाली गेला की पुण्याला तिच्याकडे, आणि त्यावर वाद नको. पकड गेली की हातातून भरलेलं भांडं सुटतं, जिन्याचा कठडा सुटतो, आणि एकटं माणूस घरात पडलं तर कुणाला कळणारही नाही, असं तिचं म्हणणं. पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली. काळजीलासुद्धा तिनं माप लावलं.

यंत्र आलं त्या दिवशी साहेबांनी ते आधी छताच्या हुकाला टांगलं आणि त्याला वीस किलोची शिक्क्याची लोखंडी वजनं अडकवून खरं-खोटं केलं. कंपनीनं सांगितलं म्हणून ते विश्वास ठेवणार नव्हते. यंत्र खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी ते यंत्र घेऊन बागेत आले आणि मुलीची अट सगळ्यांना ऐकवली.

"मी काय पुण्याला जातोय व्हय?" ते म्हणाले. "तिथं दूध पिशवीतनं येतंय. पिशवीत किती हाय ते कोण बघाय गेलंय? आणि सुजाची इमारत अकरा मजल्यांची. मी काय कबूतर हाय?"

हे भाषण पुढे आम्ही दर आठवड्याला ऐकलं. त्यामुळे बागेत सगळ्यांना एकच घोर लागून राहिला, की साहेबांचा आकडा किती असेल. कारण ते सगळ्या कॉलनीची मूठ मोजत होते, पण त्यांनी स्वतः यंत्र दाबलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. विचारलं तर "माझं मी बघतोय" म्हणायचे. उजवा हात सफारीच्या खिशात असायचा. चहाचा ग्लास धरला की तो थरथरायचा. पाण्याच्या बाटलीचं टोपणही ते शेजारच्याकडे द्यायचे आणि "जरा उघडा की" म्हणायचे. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि टोपण उघडून द्यायचो. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, एवढी समज बागेतल्या प्रत्येकाला होती.

अशात एके दिवशी साहेब मला म्हणाले, "मास्तर, रविवारी घरला या. मशीन तपासायचंय."

मी गेलो. पुढच्या खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली विमलवहिनींचा फोटो, समोर एक सरळ पाठीची खुर्ची मांडलेली. मी धरलं, दाबलं, सोडलं, असं तीनदा. सव्वीस आला. साहेबांनी यंत्राचा जवळून फोटो काढला, "रेकॉर्डला" म्हणाले, आणि मला चहा आणि खारी दिली.

"तुमचा हात उतरणीला लागलाय, मास्तर," हे ते इतक्या समाधानानं म्हणाले की मला रागच आला. जन्मभर खडू आणि पेन्सिल धरलेला हात, तो काय म्हशी पिळणाऱ्याशी बरोबरी करणार? पण खारी ताजी होती, म्हणून मी काही बोललो नाही.

मग दर महिन्याला हा कार्यक्रम सुरू झाला. चौथ्या महिन्यात साहेब आत चहा करायला गेले असताना टीपॉयवरचा त्यांचा फोन वाजला. मी वाकून पाहिलं. दुसऱ्याच्या फोनमध्ये बघू नये हे मला कळतं, पण मी बघितलं. वर मघाचाच फोटो होता. खिडकीत सव्वीस आणि कडेला माझ्या अंगठ्याचं वाकडं नख, लहानपणी दारात चेमटलेलं. खाली साहेबांनी लिहिलं होतं, "या महिन्याचा आकडा." त्याच्या खाली सुजाताचं उत्तर आत्ताच येऊन पडलं होतं. "छान बाबा. जपा."

साहेब चहा घेऊन आले आणि मी सरळ होऊन बसलो. ज्या माणसानं हयातीत खोट्या वजनावर शिक्का मारला नाही, तो माणूस माझा हात स्वतःचा म्हणून मुलीला पाठवत होता. म्हणजे त्यांचा स्वतःचा आकडा पंचवीसच्या खाली कधीच गेलेला असणार. कोल्हापूर सोडायचं जिवावर आलेलं, म्हणून पंचाहत्तराव्या वर्षी बिचाऱ्यांनी हे पहिलं खोटं केलं होतं. मला त्यांची दया आली. आणि कबूल करतो, थोडा अभिमानही वाटला. बागेत इतक्या मुठी होत्या, त्यांतून साहेबांनी निवडली ती माझी.

मी पोवारला गाठून सगळं सांगितलं. पोवार तंबाखू मळत ऐकत होता.

"मास्तर, तुमचा किती?"

"सव्वीस."

"आणि पंचविसाच्या खाली गेला की सायेब पुण्याला?"

"हो."

"म्हंजे सायबांचं कोल्हापूर तुमच्या ह्या मुठीत हाय व्हय?" त्यानं माझा हात उलटा-सुलटा करून पाहिला. बैल विकत घेताना बघतात तसं बघत होता. "ह्या हाताचं काय खरं न्हाय. उद्यापास्नं गोठ्यावर या."

साहेबांना कळू द्यायचं नाही, असं ठरलं. कळलं तर त्यांना ओशाळं वाटलं असतं. आम्ही गुपचूप माझी मूठ वाढवायची, साहेबांचा आकडा वर राहील आणि साहेब बागेत राहतील. ही योजना आम्हाला इतकी चोख वाटली की तिच्यात काही चूक असेल असं दोघांच्याही मनात आलं नाही.

पुढचे पाच महिने मी ज्या तऱ्हेनं जगलो ते माझ्या वयाला शोभणारं नव्हतं. खिशात रबरी चेंडू असायचा आणि तो मी बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, बारशाच्या पंगतीतही दाबत बसायचो. घरातली धुणी पिळायला मी लागलो. भाकरीचं पीठ मळायचंही मी मागून घेतलं. आमच्या मंडळींनी पहिले दोन दिवस माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि तिसऱ्या दिवसापासून शेजारणींना बोलावून मला मळताना दाखवायला सुरुवात केली.

सकाळी साडेपाचला पोवारच्या गोठ्यात हजेरी. पहिल्या दिवशी म्हशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पान्हाच चोरला.

"तिला तुमचा हात कळला," पोवार म्हणाला. "भ्याचं न्हाय. आंगठा आत घ्या. चित्र काढाय लागल्यागत धरू नगासा."

तिसऱ्या आठवड्यात मी अर्धी कासंडी धार काढली. पहिल्या महिन्याला माझा अठ्ठावीस आला. नंतर एकोणतीस, मग तीस, मग एकतीस. दर महिन्याच्या त्या रविवारी दाबताना मी मनात म्हणायचो, घ्या साहेब, अजून एक किलो कोल्हापूर घ्या.

साहेब मात्र दिवसेंदिवस आंबट होत चालले होते. अठ्ठावीस आला तेव्हा ते म्हणाले, "आज लई दाबलासा वाटतं." त्यांनी 'लई' म्हटलं आणि मापही सांगितलं नाही, याचं मला नवल वाटलं होतं. तीस आला तेव्हा त्यांनी माझ्यासमोर यंत्र हुकाला टांगून वीस किलो अडकवले. खिडकीत वीसच आले. साहेब त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, शनिवारचा उपास धरा की. ह्या वयात हलकं राहावं." मला वाटलं, माझ्या तब्येतीची काळजी करताहेत. एकतीसच्या रविवारी चहाबरोबरची खारी बंद झाली.

मी पोवारला म्हटलं, "साहेब खंगत चाललेत. पुण्याच्या भीतीनं खातोय माणूस स्वतःला."

"मग अजून जोर लावा," पोवार म्हणाला.

मी जोर लावला. पाचव्या महिन्यात माझा तेहेतीस आला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मला सुजाताचा फोन आला. नंबर तिच्याकडे पूर्वीपासून होता, अडीअडचणीला असावा म्हणून.

"काका, तुम्ही बाबांना रोज भेटता ना? त्यांचा आकडा वाढतोय, तेहेतीस आला. या वयात असं सहसा दिसत नाही. व्यायाम करतात का ते?"

"करतात," मी म्हणालो. ते अगदीच खोटं नव्हतं. माझा व्यायाम त्यांच्याच खात्यात जमा होत होता.

"मला इतकं बरं वाटलं सांगू. मागच्या वर्षी आम्ही मागची खोली त्यांच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. म्हटलं, कधीही आणावं लागेल. आता आमच्या ईशाला तिथं अभ्यासाला बसवतेय. तिची दहावी आहे. बाबांना सांगितलं काल. ते म्हणाले, 'बरं केलंस.' त्यांना तर इकडे यायचंच नाहीये, तुम्हाला ठाऊकच आहे."

फोन ठेवून मी तसाच पोवारकडे गेलो, त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही साहेबांच्या दारात हजर झालो. आता सगळं उघड सांगायला हरकत नव्हती. लढाई जिंकली होती, आणि जिंकलेल्या माणसाला ती चारचौघांत सांगावीशी वाटतेच.

साहेब पुढच्या खोलीत नुसते बसले होते. टीव्ही बंद होता. पेपर घडी न मोडता पडला होता.

"साहेब, पुणं टळलं," मी म्हणालो, आणि एका दमात सगळी कथा सांगितली. फोनमधला फोटो, पोवारचा गोठा, धुणी, भाकरीचं पीठ, तेहेतीस. पोवार मध्ये मध्ये "म्हशीनं पैल्यांदा पान्हा चोरलाता" अशी भर घालत होता. साहेब आता उठतील, कदाचित मिठीही मारतील, अशी माझी अपेक्षा होती.

ते उठले खरे. कपाटातून यंत्र काढलं, सरळ पाठीच्या खुर्चीत बसले, पाय जमिनीला टेकवले, कोपर अंगाला लावलं आणि दाबलं. मग यंत्र माझ्यापुढे धरलं. खिडकीत अडतीस होते.

"हा माझा," साहेब म्हणाले.

पोवारनं आकडा पाहिला, मी पाहिला, पोवारनं पुन्हा पाहिला.

"साहेब, मग माझा कशाला पाठवत होता?"

"तुमचा पंचविसाच्या खाली जाणार हुता म्हणून."

मला हे समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा आधी रागच आला. मग त्यांनी सांगितलं. यंत्र आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळ्या कॉलनीच्या मुठी मोजल्या होत्या. पुरुषांत सगळ्यांत कमी, आणि महिन्याला थोडा थोडा खाली येईल असा हात एकच होता, माझा. दोन-चार महिन्यांत मी पंचवीसच्या खाली जाईन असा त्यांचा अंदाज होता. मी खारी खात होतो आणि हा माणूस माझा हात लुळा पडायची वाट बघत बसला होता.

"मग सवताच जरा हळू दाबायचं की," पोवार म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं दुकानात बनावट शिक्का काढून दाखवला. "काटा मारू व्हय? मी? आकडा खराच गेलाय सुजाकडं, दर महिन्याला. तीनदा दाबलेला, काटकोनात. फकस्त हात दुसऱ्याचा हुता."

"मग एखाद्या म्हातारीचा पाठवायचा," पोवार म्हणाला. "चौदा-पंधरा."

"पोरगी घाबरली असती. हातातलं पेशंट टाकून पळत आली असती. तसं नको हुतं मला. हळूहळू उतराय पायजे हुता, म्हंजे तिला वाटलं असतं, वय झालं बाबांचं, आता आणू या."

"आणि ती बाटलीची टोपणं?" मी विचारलं. "तो ग्लास?"

"ग्लास माझा कॉलेजापास्नं थरथरतोय. टोपणं मुद्दाम देत हुतो. म्हटलं, तुमच्यापैकी कुणीतरी सुजाला फोन करून सांगंल." त्यांनी यंत्र टीपॉयवर ठेवलं. "एकानंबी सांगितलं न्हाय."

पोवार खाली बघायला लागला. मीही. बागेतल्या सगळ्यांच्या समजूतदारपणाची मला त्या क्षणी लाज वाटली.

"साहेब, तुम्हाला पुण्याला जायचं होतं, तर तसं सांगायचं होतं तिला."

"काय सांगू?" ते म्हणाले. "आयुष्यात कुणाकडं कायबी मागितलं न्हाय मी. पोरीकडं काय म्हणून मागू? तिचा संसार हाय, तिचं काम हाय. तिनं न्यावं म्हणून तिला कायतरी कारण पायजे का नको? तिनं आकडा घालून दिलाता. म्हटलं, चला, आकड्यानं जाऊ."

मग ते जे बोलले ते माझ्याकडे किंवा पोवारकडे बघून बोलले नाहीत. "आठ वाजता बाग सुटती. तुम्ही घरला जातासा. तितनं पुढं मी कुणाशी बोलत न्हाय. कुणाशी बोलणार? संध्याकाळी दारात भाजीवाली आली आणि तिला हाक मारली, की आवाज फुटत न्हाय. घसा आधी खाकरून घ्यावा लागतोय. विमल हुती तवा दिवसभर भांडायची. आता कसं हाय, आकडा बरा आला की सुजाचे तीन शब्द येतात. 'छान बाबा. जपा.' आकडा चांगला असला की लोक तेवढंच बोलतात."

आणि त्यांचा तो आकडा आम्ही दोघांनी मिळून पाच महिने वर चढवत नेला होता. मी तो बेत इतक्या मनापासून केला होता की त्यात साहेबांना एकदा विचारून बघावं, एवढीच गोष्ट राहून गेली होती.

मी त्यांचा फोन उचलला, सुजाताचं नाव दाबलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला. मी घेतला नाही. तिकडून "बाबा? दुपारी कसा फोन? बरं आहे ना?" असं ऐकू आलं.

साहेबांनी घसा खाकरला.

"बरं हाय. ऐक. मास्तर हाईत इथं, पोवार हाय. आत्ता यांच्यादेखत दाबलं. अडतीस आलाय. माझाच हाय. त्याच्या आधी तुला पाठवले ते मास्तरांचे हुते." तिकडून सुजाता "म्हणजे?" म्हणाली. साहेबांनी मोकळ्या हातानं सफारीची बटणं एकदा तपासली. "म्हंजे तब्येत चांगली हाय. कारण कायबी न्हाय. तरीबी मला तिकडं यायचंय, सुजा."

मग ती बोलायला लागली, आणि बराच वेळ बोलत राहिली. तीन शब्दांहून कितीतरी जास्त. साहेब नुसतं "व्हय", "व्हय", "न्हाय, रडतीस कशाला", "ईशाला उठवू नको, बसू दे तिथंच, माझी खाट कुठंबी मावती" एवढंच म्हणत होते. पोवार दाराबाहेर जाऊन चपलांची जागा बदलत बसला. त्याला चपलांशी काही देणं-घेणं नव्हतं.

शेवटी साहेब म्हणाले, "येत्या रविवारी? बरं. ये." आणि फोन मांडीवर ठेवला.

जरा वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला बागेत शेकडो गोष्टी ऐकवल्या, पण काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "पुण्यात सकाळी बागेत माणसं येत असतील न्हवं? आपल्या वयाची?"

मी पुण्यात कधी राहिलेलो नाही. तरी म्हणालो, "येतात, साहेब. पुष्कळ येतात."